‘प्रिल’ची गोळी : कधी सोडू नये, कधी थांबवावी

बीपीची गोळी बंद करण्याची कारणं आपल्याकडे ठरलेली आहेत. मशीनवर आकडा नॉर्मल आला, पाकीट संपलं आणि मेडिकलमध्ये जायला जमलं नाही, किंवा कुणीतरी सांगितलं की ‘एकदा लागली की जन्माची लागते, आत्ताच सोडा.’ यातलं एकही कारण गोळी सोडायला पुरेसं नाही. उलट जेव्हा ती खरोखर थांबवायला हवी, तेव्हा माणसं नेमाने घेत राहतात. जुलाबांनी गळून गेलेला माणूस सलाइन लावलेलं असतानाही ‘बीपीची गोळी चुकायला नको’ म्हणून ती गिळतो. ओठ सुजला तर काहीतरी चावलं असेल असं समजून रात्र काढतो आणि सकाळी पुन्हा तीच गोळी घेतो.

बीपी आणि हृदयविकारासाठी दिल्या जाणाऱ्या ‘एस इनहिबिटर’ गटातल्या औषधांबाबत हा घोळ जास्त महागात पडतो. औषधं जुनी आहेत, स्वस्त आहेत, त्यांनी असंख्य लोकांचं आयुष्य वाढवलं आहे. पण ती घेणाऱ्याला थोडी माहिती असावीच लागते.

तुमची गोळी या गटातली आहे का?

पाकिटाच्या मागे, कंपनीने दिलेल्या मोठ्या नावाखाली, बारीक अक्षरांत औषधाचं मूळ नाव छापलेलं असतं. ते रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिन्डोप्रिल किंवा कॅप्टोप्रिल असेल, म्हणजे शेवटी ‘प्रिल’ असेल, तर तुमची गोळी या गटातली आहे. कंपनी बदलली की वरचं नाव बदलतं, हे बदलत नाही. त्यामुळे लक्षात ठेवायचं ते मूळ नाव. जनऔषधी केंद्रातून स्वस्तात घ्यायची असेल तरी हेच नाव लागतं.

काही गोळ्यांत दोन औषधं एकत्र असतात. रामिप्रिलबरोबर हायड्रोक्लोरोथायाझाइड हे लघवी वाढवणारं औषध असतं, पेरिन्डोप्रिलबरोबर अ‍ॅम्लोडिपिन असतं. तुमच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का, हे माहीत असणं पुढे फार उपयोगी पडतं.

टेल्मिसार्टन, लोसार्टन, वल्सार्टन ही ‘सार्टन’ मंडळी याच कामाची, पण वेगळ्या गटातली. आपल्याकडे टेल्मिसार्टन फार लिहिलं जातं. या लेखातलं पाणी, किडनी, पोटॅशियम आणि गर्भारपणाबद्दलचं सगळं त्यांनाही लागू आहे. मात्र ‘प्रिल’ आणि ‘सार्टन’ एकत्र घ्यायचं नसतं. रामिप्रिल आणि टेल्मिसार्टन दोन्ही मिळून देऊन पाहणारी ‘ऑनटार्गेट’ ही मोठी चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्ही घेणाऱ्यांना जास्तीचा फायदा झाला नाही, पण बीपी फार उतरणं आणि किडनीचे त्रास मात्र वाढले. दोन डॉक्टर, दोन चिठ्ठ्या आणि दोन कंपन्यांची नावं अशा गडबडीत ही जोडी नकळत जमते. अमेरिकेत मुलांकडे गेलेल्या आईवडिलांना तिकडे लिसिनोप्रिल सुरू होतं आणि बॅगेतलं टेल्मिसार्टनही चालूच राहतं, तेही याच प्रकारात मोडतं. नवी गोळी सुरू होताना ‘जुन्यातली कोणती बंद करायची?’ हे विचारलंच पाहिजे.

ही गोळी नेमकं काय करते?

हे समजून घेतलं की पुढच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत.

रक्ताचा दाब किंवा शरीरातलं मीठ-पाणी कमी पडतंय असं किडनीला जाणवलं की ती रेनिन नावाचा पदार्थ रक्तात सोडते. त्यातून अँजिओटेन्सिन-१ तयार होतं. ते स्वतः फारसं काही करत नाही. रक्तवाहिन्यांच्या अस्तरात, विशेषतः फुप्फुसांतल्या, ‘एस’ नावाचं एन्झाइम असतं. ते त्याचं रूपांतर अँजिओटेन्सिन-२ मध्ये करतं. हे अँजिओटेन्सिन-२ रक्तवाहिन्या आवळतं आणि शरीरात मीठ-पाणी अडवून ठेवायला लावतं. दाब वाढतो. रक्तस्राव झाला, पाणी कमी पडलं तर ही यंत्रणा आपल्याला तारते. पण ती कायम जास्त जोरात चालत राहिली की बीपी चढतं, हृदयाचे स्नायू जाड आणि ताठ होत जातात, किडनीच्या गाळण्यांवर ताण येतो.

‘प्रिल’ची गोळी या ‘एस’ एन्झाइमला अडवते. रक्तवाहिन्या सैलावतात, हृदयावरचा भार कमी होतो, किडनीच्या गाळण्यांतला दाब उतरतो. यातून तीन परिणाम ओघाने येतात. पहिला, पाणी कमी पडल्यावर दाब सांभाळणारा एक आधार आपण गोळी घेऊन काढून घेतलेला असतो. दुसरा, पोटॅशियम बाहेर टाकायला सांगणारा अल्डोस्टेरॉन हा संदेश क्षीण होतो, म्हणून रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं. तिसरा, हेच एन्झाइम शरीरातल्या ब्रॅडिकायनिन नावाच्या पदार्थाची मोडतोड करत असतं. ते काम थांबलं की ब्रॅडिकायनिन साठतं. गोळीने येणारा खोकला आणि क्वचित येणारी सूज यांचं मूळ बहुतांशी तिथे आहे.

या औषधाचा शोधही ब्रॅडिकायनिनच्याच वाटेने लागला. ब्राझीलमधल्या जराराका या विषारी सापाच्या विषात ब्रॅडिकायनिनचा परिणाम वाढवणारा घटक आहे, हे सर्जिओ फेरेरा या ब्राझिली संशोधकाने १९६५ मध्ये दाखवलं. तो घेऊन ते लंडनला जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत गेले. तिथून धागा अमेरिकेतल्या स्क्विब कंपनीपर्यंत पोहोचला. तिथल्या डेव्हिड कुशमन आणि मिगेल ऑन्डेटी यांनी तोंडाने घेता येईल असं कॅप्टोप्रिल तयार केलं. १९८१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आजच्या गोळ्यांत सापाचं विष नसतं. त्या रसायनशाळेतच बनवलेल्या असतात.

बीपी नॉर्मल असूनही ही गोळी का देतात?

अँजिओप्लास्टी झालेला माणूस विचारतो, ‘माझं बीपी तर कधीच जास्त नव्हतं, मग बीपीची गोळी कशाला?’ प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की ही फक्त बीपीची गोळी नाही.

हृदयाचं पंपिंग कमी झालेल्या रुग्णांत तिचा प्रभाव सर्वांत ठळक दिसला. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कॉन्सेन्सस’ चाचणीत हार्ट फेल्युअरच्या अखेरच्या पायरीवरचे २५३ रुग्ण होते. सहा महिन्यांत खोट्या गोळीवरच्या गटातले ४४ टक्के रुग्ण दगावले, एनालाप्रिल घेणाऱ्यांतले २६ टक्के. ‘होप’ ही चाचणी २००० साली प्रसिद्ध झाली. त्यात हृदयविकार, पक्षाघात, पायाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेले, किंवा मधुमेहाबरोबर आणखी एखादा धोका असलेले, ५५ वर्षांपुढचे नऊ हजारांहून जास्त लोक होते. त्यांच्या हृदयाचं पंपिंग कमी झालेलं नव्हतं. रामिप्रिल १० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांपैकी काहीतरी घडण्याचं प्रमाण सुमारे पाच वर्षांत १४ टक्के होतं, न घेणाऱ्यांत १७.८ टक्के. दवाखान्यात मोजलेलं वरचं बीपी मात्र सरासरी तीनेक अंकांनीच उतरलं होतं.

म्हणून हार्ट अटॅकनंतर, पंपिंग कमी असताना, किंवा मधुमेहात लघवीतून प्रथिन जाऊ लागल्यावर ही गोळी बीपी ठीक असतानाही दिली जाते. गोळी कशासाठी दिली आहे, हे डॉक्टरांना विचारून चिठ्ठीवर लिहून घ्यावं. बीपीसाठी दिली असेल तर मशीनचा आकडा तिचं काम सांगतो. हृदयासाठी किंवा किडनीसाठी दिली असेल तर आकडा पाहून ती घ्यायची की नाही हे ठरवता येत नाही.

पहिले दोन आठवडे

ही औषधं कमी मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवतात. रामिप्रिल बहुधा १.२५ किंवा २.५ मिलिग्रॅमपासून सुरू होऊन १० पर्यंत जातं. ‘डॉक्टरांनी डोस वाढवला म्हणजे तब्येत बिघडली’ असा अर्थ काढू नये. चाचण्यांत फायदा दिसला तो बहुतेक पुरेशा मात्रेवर, आणि तिथवर पोहोचायला वेळ द्यावा लागतो.

पहिल्या डोसनंतर काहींचं बीपी एकदम उतरतं. आधीपासून लघवी वाढवणारी गोळी चालू असलेल्यांत आणि वयस्कर लोकांत हे जास्त होतं. म्हणून पहिला डोस अनेकदा रात्री झोपताना घ्यायला सांगतात. त्या काळात रात्री लघवीला उठताना आधी कडेला मिनिटभर बसावं, मग उभं राहावं. बाथरूममध्ये पडून खुबा मोडणं हे बीपीपेक्षा मोठं संकट असतं. चक्कर येते की नाही हे कळेपर्यंत गाडी चालवू नये.

पुढे सकाळी घ्यायची की रात्री, याने फारसा फरक पडत नाही. ब्रिटनमध्ये एकवीस हजारांवर लोकांत झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हेच दिसलं. विसरणार नाही ती वेळ निवडावी. रामिप्रिल, एनालाप्रिल आणि लिसिनोप्रिल जेवणाआधी किंवा नंतर कसंही चालतं. पेरिन्डोप्रिल सकाळी नाश्त्याआधी आणि कॅप्टोप्रिल जेवणाच्या तासभर आधी घेतात. डोस विसरला आणि त्याच दिवशी आठवला तर घ्यावा. दुसऱ्या डोसची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्यावा. दोन एकदम घेऊ नयेत.

आता सर्वांत जास्त चुकवली जाणारी गोष्ट, रक्ततपासणी. गोळी सुरू करण्याआधी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पाहतात, आणि सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर एक ते दोन आठवड्यांनी पुन्हा पाहतात. सगळं स्थिर झालं की वर्षातून एक-दोनदा पुरतं. किडनीचा आजार असेल तर जास्त वेळा. डॉक्टरांनी तपासणी सांगितली नसेल तर आपण आठवण करून द्यावी.

रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन थोडं वाढलेलं दिसलं की घरात घबराट होते आणि ‘गोळीने किडनी खराब केली’ असा निकाल लागतो. पण गाळण्यांतला दाब उतरवणं हे गोळीचं कामच आहे, त्यामुळे सुरुवातीला क्रिएटिनिन किंचित चढतं. मूळच्या आकड्यापेक्षा ३० टक्क्यांपर्यंतची वाढ, तिथेच थांबत असेल तर, सहसा स्वीकारतात. म्हणजे १.० चं १.२ झालं तर घाबरायचं कारण नाही, १.० चं १.६ झालं तर लगेच डॉक्टरांना दाखवायचं. फार मोठी वाढ कधीकधी किडनीच्या दोन्ही रोहिण्या अरुंद असल्याचं पहिलं लक्षण असते.

पोटॅशियम ३.५ ते ५ च्या दरम्यान असावं. ५.५ च्या वर गेलं तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावं. ६ च्या वर गेलं तर हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका असतो, तिथे वेळ काढू नये. रक्त काढताना मूठ फार आवळली किंवा नमुन्यातल्या पेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटं जास्त दिसतं. त्यामुळे अनपेक्षित आकडा आला तर डॉक्टर तपासणी पुन्हा करायला सांगतात. त्याचा कंटाळा करू नये.

कोरडी ढास

गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांनी, घशात खवखव होऊन कोरडी ढास लागते. कफ पडत नाही, ताप नसतो, रात्री जास्त त्रास होतो. साधारण दहातल्या एकाला हा त्रास होतो, आणि स्त्रियांना जास्त. धोका काही नाही, पण झोप जाते. खोकला सुरू होईपर्यंत गोळीला बरेच दिवस झालेले असतात, त्यामुळे संबंध लक्षात येत नाही. मग खोकल्याची औषधं, अँटिबायोटिक, धुळीची अ‍ॅलर्जी असा प्रवास होतो. खोकल्यासाठी कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी बीपीच्या गोळीचं पाकीट दाखवा. निदान तिथेच होऊ शकतं.

खोकला गोळीचाच असेल तर सिरपने जात नाही. गोळी बदलली की बहुतेकांचा एक ते चार आठवड्यांत जातो, काहींना तीन महिनेही लागतात. अशा वेळी डॉक्टर सहसा ‘सार्टन’ गटातली गोळी देतात. तिने हा खोकला क्वचितच येतो. त्रास सोसण्यासारखा असेल आणि हृदयासाठी गोळीची गरज मोठी असेल तर काही रुग्ण ती चालूही ठेवतात. निर्णय डॉक्टरांबरोबर घ्यावा. बदली गोळी हातात येण्याआधी आपणहून बंद करून बसू नये.

दोन खोकले मात्र गोळीच्या नावावर टाकून चालणार नाहीत. दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललेला खोकला, त्याबरोबर ताप, वजन उतरणं किंवा थुंकीतून रक्त, असं असेल तर टीबीची तपासणी झालीच पाहिजे. आणि आडवं पडल्यावर वाढणारा खोकला, दम लागणं, पायांवर सूज, दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढणं, ही हृदयाचं पंपिंग बिघडत असल्याची लक्षणं आहेत. तिथे गोळी बंद करणं म्हणजे उलटंच करणं.

ओठ, जीभ किंवा गळा सुजला तर

हा दुष्परिणाम दुर्मीळ आहे, हजारात एक ते सात जणांना होतो. पण जीव घेऊ शकतो तो हाच. ओठ, पापण्या, जीभ, चेहरा किंवा घशाच्या आत सूज येते. खाज किंवा पित्ताच्या गांधी उठतीलच असं नाही. गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत धोका जास्त असतो, पण वर्षानुवर्षं विनात्रास घेतलेल्या गोळीनेही तो अचानक होऊ शकतो. ‘पाच वर्षं घेतोय, आता कसा त्रास होईल?’ हा तर्क इथे चालत नाही. क्वचित सूज आतड्यात येते आणि पोटदुखी व उलट्यांच्या रूपाने पुन्हा पुन्हा दिसते.

जीभ सुजली, आवाज बदलला, गिळता येईना किंवा श्वासाला त्रास होऊ लागला तर १०८ ला फोन करून थेट मोठ्या रुग्णालयात जावं. अ‍ॅलर्जीची साधी गोळी घेऊन घरी वाट पाहू नये. ही सूज ब्रॅडिकायनिनची असते, त्यामुळे अ‍ॅलर्जीच्या नेहमीच्या औषधांना ती नीट दाद देत नाही. सूज थोडीशीच असली, आपोआप उतरली, तरी पुढचा डोस घ्यायचा नाही आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. एकदा असं झालं की आयुष्यात कधीही कुठलीही ‘प्रिल’ घ्यायची नाही, हे फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवावं.

मधुमेहासाठी व्हिल्डाग्लिप्टिन घेणाऱ्यांत, ‘प्रिल’ सोबत असेल तर, ही सूज येण्याची शक्यता थोडी वाढते. हार्ट फेल्युअरसाठी सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन सुरू करायचं असेल तर शेवटच्या ‘प्रिल’ गोळीनंतर ३६ तास जाऊ द्यावे लागतात. दोन्हींचं एकत्र येणं धोक्याचं आहे. जुनं पाकीट घरात उरलेलं असेल तर ते बाजूला काढून टाकावं, चुकून हात जायला नको.

जुलाब, उलट्या, ऊन आणि उपवास

पाणी कमी पडल्यावर किडनी ज्या यंत्रणेच्या आधारावर दाब सांभाळते, तीच या गोळीने अडवलेली असते. अशा वेळी किडनीला अचानक इजा होऊ शकते. म्हणून दिवसभर जुलाब-उलट्या होत असतील, ताप येऊन खाणंपिणं सुटलं असेल, उन्हाचा झटका बसला असेल, तर ‘प्रिल’ची गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी तात्पुरती थांबवायला डॉक्टर सांगतात. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांबद्दलही तेव्हाच विचारावं. पुन्हा नीट खाऊपिऊ लागल्यावर एक-दोन दिवसांत गोळ्या सुरू करायच्या असतात. सुरू करायला विसरणं हीसुद्धा नेहमीची चूक आहे.

आजारी पडल्यावर रात्री फोन लागेल की नाही हे सांगता येत नाही. त्यामुळे बरं असतानाच डॉक्टरांकडून लिहून घ्यावं, ‘जुलाब-उलट्या झाल्या तर या या गोळ्या थांबवायच्या, इतक्या दिवसांनी सुरू करायच्या.’ हार्ट फेल्युअरच्या रुग्णांनी मात्र आपणहून एक-दोन दिवसांपेक्षा जास्त थांबवू नये, तोवर दवाखाना गाठावा. पोट बिघडल्यावर ओआरएस घ्यावं. लघवीचं प्रमाण घटलं, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी आली, तर लगेच दाखवावं.

विदर्भ-मराठवाड्यातला उन्हाळा, शेतातलं काम, पंढरीची पायी वारी, या सगळ्यांत घामाने पाणी जातं. वारीला जाताना गोळ्या जास्तीच्या घ्याव्यात, चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा आणि पोट बिघडलं तर काय करायचं हे निघण्याआधी विचारावं. हरतालिकेचा किंवा निर्जला एकादशीचा निर्जळी उपवास ‘प्रिल’ आणि लघवीची गोळी दोन्ही चालू असणाऱ्यांनी करू नये. साधा उपवास असेल तर गोळी चुकवण्याचं कारण नाही. रोजे ठेवणाऱ्यांनी डॉक्टरांशी आधी बोलून गोळीची वेळ ठरवावी.

सोबत काय चालत नाही?

सर्वांत जास्त नुकसान करतात अंगदुखीच्या गोळ्या. डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, नेप्रोक्सेन ही नावं लक्षात ठेवा. गुडघे दुखले, कंबर धरली की मेडिकलवाल्याकडून चार गोळ्या आणायच्या, ही आपली रीत. त्यांनी बीपीच्या गोळीचा परिणाम बोथट होतो आणि किडनीवर ताण येतो. ‘प्रिल’, लघवीची गोळी आणि अंगदुखीची गोळी हे तिघे एकत्र आले की किडनी अचानक बसण्याचा धोका बराच वाढतो. दुखण्यासाठी साधी पॅरासिटामॉल बरी. त्याने भागत नसेल तर डॉक्टरांना विचारा. हृदयासाठी रोज घ्यायला सांगितलेली कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन मात्र या कारणाने बंद करायची नाही.

पोटॅशियम वाढवणाऱ्या गोष्टी दुसऱ्या. स्पायरोनोलॅक्टोन हे हार्ट फेल्युअरमध्ये ‘प्रिल’सोबत मुद्दाम देतात, पण तेव्हा रक्ततपासणी वेळच्या वेळी झालीच पाहिजे. लघवीच्या इन्फेक्शनसाठी दिलं जाणारं को-ट्रायमॉक्साझोल पोटॅशियम चढवू शकतं. ‘लो सोडियम’ म्हणून विकलं जाणारं मीठ बीपीसाठी चांगलं असं जाहिरात सांगते. पण त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं असतं. किडनी अधू असलेल्या आणि ‘प्रिल’ घेणाऱ्या माणसाने ते डॉक्टरांना न विचारता वापरू नये. सैंधव मात्र वेगळं. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असल्याने साध्या मिठाऐवजी सैंधव वापरून मीठ कमी केल्यासारखं होत नाही. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा, एवढीच मर्यादा. लोणचं, पापड, फरसाण त्यातच धरायचं.

शहाळ्याच्या पेलाभर पाण्यात साधारण ४०० ते ६०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. किडनी चांगली असेल तर अधूनमधून शहाळं, केळं, संत्रं खायला हरकत नाही. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर प्रमाण विचारून घ्यावं. मानसिक आजारासाठी लिथियम घेणाऱ्यांनी ‘प्रिल’ सुरू होण्याआधी ते नक्की सांगावं, कारण लिथियमची रक्तातली पातळी धोकादायक चढू शकते. ऑपरेशन ठरलं तर भूलतज्ज्ञाला ही गोळी सांगावी. काही वेळा आदल्या दिवशी ती थांबवतात.

मूल हवं असेल तर

गर्भारपणात ही गोळी चालत नाही. विशेषतः चौथ्या महिन्यापासून पुढे ती गर्भाच्या किडनीच्या वाढीत अडथळा आणते, गर्भजल कमी होतं, बाळाच्या जिवावर बेतू शकतं. तिशीतल्या-पस्तिशीतल्या स्त्रियांना आता बीपी आणि मधुमेहासाठी या गोळ्या दिल्या जातात. त्यांनी मूल होऊ द्यायचं ठरवलं की आधीच डॉक्टरांना सांगावं. लॅबेटॅलॉल, मिथिलडोपा, निफेडिपिन असे पर्याय आहेत. गोळी चालू असताना पाळी चुकली तर तपासणी करून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं. बीपी तसंच चढू देणंही धोक्याचं असतं, त्यामुळे बंद करण्याबरोबर दुसरं औषध सुरू व्हायला हवं. अंगावर पाजणाऱ्या आईसाठी कोणती गोळी चालेल, हेही विचारून घ्यावं.

कधी सोडू नये

मशीनवर १२०/८० दिसलं म्हणून सोडू नये. तो आकडा गोळीमुळे आला आहे. बीपी मोजण्याचीही एक पद्धत आहे. पाच मिनिटं शांत बसावं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या उंचीला. अर्धा तास आधीपासून चहा, तंबाखू, मशेरी नको. मोजताना बोलायचं नाही. मिनिटभराने पुन्हा मोजून दोन्ही आकडे वहीत लिहावेत. घरी बहुतेक वेळा १३५/८५ किंवा त्याहून जास्त येत असेल तर बीपी ताब्यात नाही असं समजतात. वरचं बीपी शंभरच्या खाली येऊन चक्कर येत असेल तर डोस कमी करायचा की दुसरी एखादी गोळी काढायची, हे डॉक्टर ठरवतात. पंपिंग कमी असलेल्या रुग्णाचं बीपी १०० असलं आणि त्रास काही नसला तर बहुतेकदा गोळी चालूच ठेवतात.

थकवा येतो, ‘गरम पडते’, फार गोळ्या होतात, अशा कारणांसाठीही ती परस्पर बंद करू नये. गोळ्यांची संख्या खुपत असेल तर दोन औषधं एकात असलेल्या गोळीबद्दल विचारावं. खर्च खुपत असेल तर जनऔषधीतल्या पर्यायाबद्दल विचारावं. काढे, चूर्णं घेत असाल तर तेही सांगावं, लपवू नये.

पुढच्या भेटीत

डॉक्टरांसमोर वेळ थोडा असतो, म्हणून प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. ही गोळी मला बीपीसाठी आहे, हृदयासाठी की किडनीसाठी? माझ्या गोळ्यांत लघवी वाढवणारी कोणती? क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पुन्हा कधी तपासायचं? जुलाब-उलट्या झाल्या तर कोणत्या गोळ्या किती दिवस थांबवायच्या? अंगदुखीसाठी कोणती गोळी घेऊ? उत्तरं चिठ्ठीवरच लिहून मागावीत आणि घरातल्या आणखी एकाला वाचून दाखवावीत. जीभ सुजली किंवा शुद्ध हरपू लागली तर १०८ ला फोन तोच माणूस करणार असतो.